पऱ्हाटीतली वाट

रोह्यांनी हरभऱ्याचे शेंडे खुडले किंवा रानडुकरांनी मका आडवा केला, की शेतकरी भरपाईचा अर्ज करतो आणि वनरक्षक बांधावर येतो. मोजणी, सह्या, फोटो हे नेहमीचंच. पाहण्यासारखं असतं ते त्याचं खाली वाकून वाचणं. माती नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर डुक्कर. शेंडे वरच्यावर खुडलेले आणि जवळच एका ठिकाणी लेंड्यांचा ढीग असेल तर रोही. मग कागदावर गाव, गट क्रमांक, पीक, प्राणी, तारीख. कोणता प्राणी, कुठे, कधी, यापलीकडे वन्यप्राण्यांच्या वावराचा अभ्यास तरी आणखी काय मागतो? जेमतेम टक्काभर जंगल असलेल्या जालना जिल्ह्यात हे पंचनामे म्हणजे बदलत्या रानाची रोजनिशी आहे, आणि आपण ती निव्वळ पैशांच्या हिशेबापुरती उघडतो.

अभ्यास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्राण्याच्या गळ्यातली रेडिओ-कॉलर येते, आणि तिचं मोल मोठंच आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला आणि नऊ महिन्यांत सुमारे 3,000 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तासातासाला उपग्रहाकडे जाणाऱ्या त्याच्या 5,000 हून अधिक नोंदी जमल्या. त्यांतून दिसलं ते हे, की तो नदी-नाले, रस्ते आणि उभी पिकं धरून, बहुतेक रात्रीच चालत होता, आणि हिवाळ्यात कपाशी त्याला लपायला पुरत होती. 2021 मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ अजिंठ्याच्या रांगेत, गौताळा अभयारण्याच्या कॅमेऱ्यात दिसला. ही रांग जालन्याच्या उत्तर कडेने, भोकरदन-जाफराबादच्या बाजूने जाते. संशोधकांनी यावरून काढलेला निष्कर्ष आशेचा होता: विकास वाघाच्या वाटेत फारसा आडवा येत नाही. एवढ्या लवकर हे मान्य करणं मला जड जातं. त्या 5,000 नोंदी समृद्धी महामार्ग सुरू होण्याआधीच्या आहेत. टिपेश्वर या रस्त्याच्या दक्षिणेला, ज्ञानगंगा उत्तरेला. प्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल ठेवलेत हे खरं, पण त्यांचा उपयोग होतो की नाही हे जुन्या नोंदी कशा सांगणार?

पंचनाम्यांवरचा आक्षेपही खोटा नाही. अर्ज करतो तो ज्याला कागदपत्रं जमतात तो; भरपाईपेक्षा खेटेच जास्त म्हणून कित्येक जण सोडून देतात. शिवाय नासाडी नोंदली जाते, नुसतं येणं-जाणं नाही. म्हणून या कागदांवरून प्राण्यांची संख्या काढायला जाऊ नये. पण त्याच गावांतून, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षं अर्ज येत असतील, तर रोही आधी कुठल्या शिवारात येत होते आणि आता कुठे येतात, हे त्यातून कळू शकतं. कॉलर एका जनावराचं नऊ महिन्यांचं चालणं सांगते. एकावरून सगळ्यांचं ठरवायचं नसेल, तर बांधावरचा हा वेडावाकडा हिशेब टाकून चालणार नाही.

आणि हा हिशेब पीक-पेऱ्याच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवा. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे निघतं आणि शिवार उघडं पडतं. कपाशी मात्र पुढे दोन-तीन महिने माणसाच्या उंचीचा आडोसा देते. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी खातं सांगतं, फरदड ठेवू नका, डिसेंबरनंतर पऱ्हाटी काढून टाका. सल्ला रास्तच आहे, पण त्याने एका फटक्यात हजारो हेक्टरांवरचं लपण जातं, आणि या पट्ट्यातलं खरं जंगल तेवढंच. तो वाघ जूनमध्ये टिपेश्वरहून निघाला तेव्हा इकडे सरकी टोबली जात होती. मार्चमध्ये तो ज्ञानगंगेत थांबला, तोवर बहुतेक शेतांतल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या.