पिकअपच्या टाकीतील इथेनॉल

पहाटे भाजीचे क्रेट भरून बाजार समितीकडे धावणारी छोटी पिकअप गाडी तुम्ही पाहिली असेल. अशा बऱ्याच गाड्या डिझेलवर चालतात, पण काही पेट्रोलवरही चालतात. पेट्रोलच्या गाडीचा मालक हल्ली तक्रार करतो, "पूर्वीसारखे ॲव्हरेज पडत नाही." कोणी म्हणतो, हा सारा इथेनॉलचा दोष, कोणी म्हणतो, हा नुसता भ्रम. आपण वाद न घालता हिशेबच मांडू या.

आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये सुरू झाले. मिश्रणाचे सरासरी प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. या दुसऱ्या मिश्रणास 'ई-२०' म्हणतात. त्याच्या १ लिटरमध्ये ८०० मिलिलिटर पेट्रोल व २०० मिलिलिटर इथेनॉल असते. उसाची मळी, उसाचा रस, मका, तांदूळ यांपासून किण्वनाने इथेनॉल तयार होते.

इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ व ऑक्सिजनचा १ अणू असतो. रेणुभार ४६, त्यांपैकी १६ एकट्या ऑक्सिजनचे! म्हणजे वजनाने एक-तृतीयांशाहून अधिक भाग स्वतः जळणारा नाही. म्हणूनच १ लिटर पेट्रोल जळून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर १ लिटर इथेनॉलपासून सुमारे २१ मेगाज्यूल.

आता ई-२० चा हिशेब करा. (०.८ × ३२) + (०.२ × २१) = २९.८ मेगाज्यूल. घट झाली सुमारे ७ टक्के.

समजा, गाडी रोज १२० किलोमीटर धावते आणि शुद्ध पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर जाते. तिला ८ लिटर पेट्रोल लागेल. इंजिनाची कार्यक्षमता तीच राहिली, तर ई-२० सुमारे ८.६ लिटर लागेल. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर १८० लिटर जादा! भाड्यावर पोट असणाऱ्याला ही रक्कम लहान नाही.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची घट ६ ते ७ टक्के, तर ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांची १ ते २ टक्के दिली आहे. हा फरक कशामुळे? इथेनॉलचा ऑक्टेन निर्देशांक पेट्रोलपेक्षा बराच अधिक असतो. त्यामुळे इंजिनात 'ठोका' न येता मिश्रण अधिक दाबता येते. मात्र त्याचा लाभ तशी रचना असलेल्या इंजिनालाच मिळतो.

दुसरा प्रश्न हवेचा. १ ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जळण्यास सुमारे ३.५ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, १ ग्रॅम इथेनॉलला सुमारे २.१ ग्रॅम. तेव्हा तेवढ्याच हवेबरोबर इंधन थोडे अधिक सोडावे लागते. नव्या गाडीत धूर जाण्याच्या नळीवर ऑक्सिजन संवेदक असतो. त्याच्या सूचनेवरून गाडीतील संगणक इंधनाची फवारणी वाढवितो. जुन्या कार्ब्युरेटरला ही जाण नसते. त्याचे छिद्र ठरलेल्या मापाचे. मग हवा जास्त व इंधन कमी होऊन गाडी अडखळू शकते.

तिसरा प्रश्न पाण्याचा. पाणी पेट्रोलमध्ये मिसळत नाही, इथेनॉलमध्ये मात्र सहज मिसळते. १०० मिलिलिटर ई-२० मध्ये १० मिलिलिटर पाणी घालून हलविले, तर तळाचा थर १० न राहता ३० मिलिलिटरच्या जवळपास जातो. कारण पेट्रोलमधील इथेनॉल पाण्याकडे जाते. (पेट्रोलची वाफ चटकन पेट घेते, हा प्रयोग घरी मुळीच करू नका!) टाकीत पुरेसे पाणी शिरले, तर असाच थर तळाशी साचतो. पंप इंधन ओढतो तेही तळातूनच, आणि इंजिन बंद पडते. म्हणून टाकीचे झाकण घट्ट हवे आणि इंधन भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. इथेनॉलमुळे काही जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा कडक होते. तेव्हा जुन्या गाडीच्या इंधननळ्या तपासून घ्याव्यात आणि कोणते मिश्रण चालते हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

इथेनॉलमुळे आयात तेलाची गरज कमी होते आणि शेतमालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळते, ही जमेची बाजू. गाडीवाल्याचे जादा लिटर ही खर्चाची बाजू. दोन्ही एकाच पानावर मांडल्या, तरच हिशेब खरा. घट लपवू नये, तशी फुगवूही नये. कोणाचे ॲव्हरेज निम्म्यावर आले असेल, तर दोष इथेनॉलबाहेर शोधावा.

ओळखीच्या एखाद्या गाडीवाल्याला विचारून तुम्हीच नोंद ठेवा. टाकी भरल्यावर किलोमीटरचा आकडा लिहा. पुन्हा भरताना किती लिटर बसले तेही लिहा. अशा दहा नोंदींची सरासरी काढा. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका; ओझे, घाट आणि चाकांतील हवा यांनीही ॲव्हरेज बदलते!