जुन्या वर्कस्टेशनांचे जतन : यंत्र, आज्ञावली आणि ओळख

एखादी पोथी रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवली, तर दोनशे वर्षांनंतरही तिची लिपी जाणणारा मनुष्य ती वाचू शकतो. संगणकाच्या बाबतीत एवढी काळजी पुरेशी ठरत नाही. यंत्र, त्यावर चालणारी आज्ञावली आणि त्या दोहोंची सांगड घालणारी माहिती ही तिन्ही टिकली तरच जतन झाले असे म्हणता येते. एक जरी नाहीसे झाले तरी उरलेली दोन मुकी होतात. संशोधनसंस्थांत एके काळी सर्रास वापरल्या गेलेल्या वर्कस्टेशनांच्या उदाहरणाने ही गोष्ट चांगली स्पष्ट होते.

वर्कस्टेशन म्हणजे एका संशोधकाच्या मेजावर मावणारा, परंतु घरगुती संगणकापेक्षा बराच समर्थ आणि जाळ्याने इतरांशी जोडलेला संगणक. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. ‘सन’ हे नाव स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणकजाळ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आले. १९८९ साली कंपनीने ‘स्पार्कस्टेशन १’ हे यंत्र बाजारात आणले. २०१० साली खुद्द कंपनीच ओरॅकलने विकत घेतली.

भाषावैज्ञानिकांना ही यंत्रे परकी नाहीत. १९९० नंतरच्या दशकात अनेक ध्वनिविज्ञान-प्रयोगशाळांत सनच्या वर्कस्टेशनवर ‘एक्स-वेव्ह्ज’ ही आज्ञावली वापरली जात असे. स्वराची उंची मोजणे, ध्वनिलहरींवर खुणा करणे ही कामे तीवर होत. इंग्रजीच्या सुरावटीचे अंकन करण्याची ‘टोबी’ पद्धती तिच्याच साहाय्याने शिकविली गेली. त्या काळच्या निबंधांतील आकडे आज पुन्हा पडताळून पाहावयाचे, तर ते ज्या साधनाने काढले ते साधन चालू स्थितीत असणे इष्ट ठरते. स्वराची उंची मोजणाऱ्या भागाची मूळ संहिता पुढे स्टॉकहोमच्या राजकीय तंत्रविद्यापीठामार्फत खुली झाली, हे सुदैव होय. प्रत्येक आज्ञावलीच्या वाट्याला असे भाग्य आले नाही.

आता अडचण कोठे येते ते पाहू. स्पार्कस्टेशनमध्ये एक छोटी चिप असते. तिच्यात घड्याळ, २,०४८ बाइटांची स्मृती आणि ती स्मृती जागती ठेवणारी लिथियमची बॅटरी ही तिन्ही एकाच आवरणात कायमची बंद केलेली असतात. यंत्राचा स्वतंत्र ओळखक्रमांक आणि जाळ्यावरील पत्ता याच स्मृतीत लिहिलेले असतात. बॅटरीचे आयुष्य सुमारे दहा वर्षांचे. ती संपली की यंत्र आपली ओळखच विसरते. सुरू करताच ‘ओळखीची माहिती अग्राह्य’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर उमटते. शिवाय अनेक विकत घेतलेल्या आज्ञावलींचे परवाने त्याच ओळखक्रमांकाशी बांधलेले असल्यामुळे, तबकडी शाबूत असूनही त्या चालण्याचे नाकारतात.

यावर संग्राहकांनी उपाय शोधला आहे. चिपेचे आवरण जपून कानशीने घासून आतील बॅटरीची टोके उघडी करतात व बाहेरून तीन व्होल्टची साधी नाण्याच्या आकाराची बॅटरी जोडतात. त्यानंतर, यंत्राच्या आरंभिक आज्ञावलीत फोर्थ भाषेचा जो इंटरप्रिटर असतो, त्याच्याद्वारे ओळखक्रमांक एकेक बाइट पुन्हा लिहितात. पुष्कळदा चिपेवर चिकटवलेल्या पट्टीवर क्रमांकाचा सुगावा लागतो. म्हणून ती पट्टी काढून टाकणे हा मोठा प्रमाद होय. पट्टीही नसेल, तर मनाने कोणताही क्रमांक घालून यंत्र चालू करता येते. मात्र मूळ परवाने त्या कल्पित क्रमांकाला ओळखत नाहीत.

आज्ञावलींची स्थितीही नाजूक असते. त्या पुष्कळदा पाव इंची चुंबकीय टेपेच्या काडतुसांवर येत. काडतुसातील टेप फिरविणारा लवचीक पट्टा कालांतराने सैल पडतो किंवा टेपेलाच चिकटतो. बेसावधपणे ती चालविल्यास लेप खरवडून निघतो व मजकूर कायमचा जातो. यास्तव टेपेची आणि तबकडीची बाइटगणिक प्रत प्रथम काढावी, मूळ वस्तूस पुन्हा हात लावू नये, असा दंडक अनुभवी संग्राहक पाळतात. अशी प्रत हाती असली म्हणजे ‘क्यू-ईएम-यू’सारख्या अनुकारक आज्ञावलीच्या योगे आजच्या संगणकावरही स्पार्कस्टेशनचा व्यवहार पुष्कळसा घडवून आणता येतो. त्यामुळे मूळ यंत्रावरील ताण कमी होतो. मात्र अनुकारकाने दाखविलेले वर्तन मूळचेच आहे की नाही, हे ठरविण्यास एखादे खरे यंत्र शिल्लक असावेच लागते.

बॅटरी बदललेले, क्रमांक पुन्हा लिहिलेले यंत्र मूळचे म्हणावे काय ? या प्रश्नाचे उत्तर पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना अवघड वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, ज्या पाठाची खात्री कमी त्याखाली नागमोडी रेषा दिलेली आहे. संपादक दुरुस्ती करतो, परंतु ती लपवीत नाही. यंत्राच्या बाबतीतही कोणता भाग बदलला, कोणता क्रमांक पट्टीवरून घेतला व कोणता कल्पिला, याची तारीखवार नोंद यंत्राबरोबरच ठेवली पाहिजे. अशी नोंद असलेले दुरुस्त यंत्र संशोधनाचे साधन होऊ शकते. नोंदीवाचून चकचकीत केलेले यंत्र मात्र केवळ शोभेची वस्तू होय.