हृदयाचे ठोके, लेखांक 14 : कारण न सापडलेली धडधड

4 मे 1991, शनिवार. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश कॅम्प डेव्हिडच्या झाडीत धावायला निघाले होते. वय 66, अंगकाठी शिडशिडीत, धावणं आणि टेनिस नेहमीचंच. त्या दिवशी मात्र धावता धावता दम लागला, गळून गेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी नाडी धरली तर ती वेडीवाकडी पळत होती. हेलिकॉप्टरने त्यांना बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हलवलं आणि निदान झालं : एट्रियल फिब्रिलेशन. आपल्याकडचे डॉक्टर नुसतं ‘एएफ’ म्हणतात.

हार्ट अटॅक आलेला नव्हता. मग हे झालं कशाने? औषधांनी ठोका जागेवर आला नसता तर विजेचा शॉक द्यावा लागणार होता. शॉक म्हणजे भूल आली, आणि भूल म्हणजे तेवढ्या वेळापुरते राष्ट्राध्यक्षपदाचे अधिकार उपाध्यक्ष डॅन क्वेल यांच्या हाती. त्याचीही तयारी ठेवली होती. ती वेळ आली नाही, औषधांवर भागलं. दोन-तीन दिवसांत रक्ततपासणीने खरा चोर दाखवून दिला. तो छातीत नव्हताच, गळ्यात होता. थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत होती. या आजाराचं नाव ग्रेव्ह्‌ज डिसीज. आणखी विचित्र म्हणजे त्यांच्या पत्नी बार्बरा बुश यांनाही हाच आजार आधीच झालेला होता, आणि घरातल्या मिली या कुत्रीला ल्यूपस, म्हणजे तोही शरीर स्वतःवरच उलटण्याच्या जातीचा. नवरा-बायको आणि कुत्री यांच्यात रक्ताचं नातं कुठलं? शेवटी त्यांच्या राहत्या घरांच्या पाण्याचे नमुनेही तपासले गेले. त्यातून काही निघालं नाही.

ही गोष्ट आज सांगायचं कारण, ‘मला बीपी नाही, शुगर नाही, रोज चालतो, मग मलाच हे का?’ हा प्रश्न. एएफचं निदान झालेला धडधाकट माणूस सर्वांत आधी हेच विचारतो.

आधी घडतं काय ते पाहू. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात, खालच्या दोन दणकट कप्प्यांना निलय. उजव्या अलिंदाच्या माथ्याशी सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा इशारा देतो आणि सगळं हृदय त्या इशाऱ्यावर चालतं. एएफमध्ये या इशाऱ्याला कोणी विचारत नाही. अलिंदांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विद्युतलहरी सैरावैरा फिरतात. उकळी फुटण्याआधी पातेल्यातलं पाणी थरथरतं तशी अलिंदाची भिंत नुसती थरथरत राहते, आकुंचन असं होतच नाही.

या सगळ्याच लहरी खाली निलयांत पोचल्या असत्या तर माणूस वाचला नसता. मध्ये एव्ही नोड आहे म्हणून बरं. आषाढीच्या दर्शनबारीतला स्वयंसेवक आठवा. मागून कितीही रेटा असो, तो हात आडवा धरतो आणि जमेल तसे चार-दोन जण आत सोडतो. एव्ही नोडही तेच करतो, पण सोडण्याच्या वेळेला काही ताळतंत्र नसतं. म्हणून नाडी जलद तर चालतेच, शिवाय दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी निराळं. अधूनमधून एखादा ठोका चुकला तर तबल्यावर एखादी मात्रा गाळल्यासारखं वाटतं, सम कुठे आहे ते कळतं. एएफमध्ये समच सापडत नाही.

मनगटावर तीन बोटं ठेवून हे घरी ओळखता येतं, पण अर्धा मिनिट तरी थांबायला हवं. आपण पाच सेकंदांत हात काढून घेतो. पक्कं निदान मात्र धडधड चालू असताना काढलेल्या ईसीजीवरच. दवाखान्यात पोचेपर्यंत ठोका जागेवर येतो आणि कागद निर्दोष निघतो, ही या आजाराची नेहमीची चेष्टा आहे. मग कोणीतरी ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून घरी पाठवतं. हल्लीची मनगटी घड्याळं इथे थोडी उपयोगी पडतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ॲपलच्या अभ्यासात चार लाखांहून अधिक लोक होते. त्यांतल्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांनाच ‘ठोका अनियमित आहे’ अशी सूचना आली. घड्याळ काही बोललं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये आणि बोललं म्हणून तेवढ्यावर गोळी सुरू करू नये.

आता कारणाकडे. 1954 साली इव्हान्स आणि स्वॉन या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा धडधाकट रुग्णांच्या एएफला ‘लोन’ म्हटलं, म्हणजे सोबतीला दुसरा कुठलाच आजार नसलेलं, एकटंच आलेलं. नाव सुटसुटीत होतं, साठ वर्षं टिकलं. पण त्या साठ वर्षांत काय झालं, तर शोध घ्यायची साधनं वाढली आणि ‘एकट्या’ एएफला एकेक नातेवाईक सापडत गेला. कुणाच्या घोरण्यामागे स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडखळणं, निघाला. कुणाचं बीपी फक्त रात्री चढत होतं. 1978 मध्ये अमेरिकेत एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शनिवार-रविवार किंवा सणासुदीच्या पिण्यानंतर येणाऱ्या धडधडीला ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव दिलं. ‘मी रोज घेत नाही हो’ म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. ऑस्ट्रेलियात 140 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना दारू सोडायला सांगितलं त्यांच्यापैकी 53 टक्क्यांना एएफ परत आलं, नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांत 73 टक्क्यांना. बिचाऱ्या चहा-कॉफीवर मात्र आपण उगाच आळ घेतो. दिवसाला एक-दोन कपांनी एएफ वाढतं असं दिसलेलं नाही.

वजनाचं तसंच. अ‍ॅडिलेडमधल्या राजीव पाठक आणि प्रशांतन सँडर्स यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवलं की दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांत एएफमुक्त राहण्याची शक्यता सुमारे सहा पटींनी वाढते. एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर तिच्या जाहिराती चौकाचौकात लागल्या असत्या.

आणि मग ज्यांच्याकडे बोटच दाखवता येत नाही ते लोक, म्हणजे अतिव्यायामी. स्वीडनमध्ये वासालॉपेट नावाची नव्वद किलोमीटरची स्कीइंगची शर्यत असते. ती पूर्ण केलेल्या बावन्न हजारांहून अधिक जणांची माहिती तपासली, तेव्हा ज्यांनी ती अधिक वेळा आणि अधिक वेगाने केली त्यांच्यात एएफसारखे ठोक्यांचे बिघाड जास्त आढळले. वर्षानुवर्षं प्रचंड रक्त ढकलून अलिंदं ताणली जातात, शिवाय हृदय मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो. अशा लोकांना धडधड बरेचदा रात्री, जड जेवणानंतर किंवा झोपेत येते. हे वाचून सकाळचा फेरफटका बंद करणाऱ्यांनी थांबावं. मध्यम व्यायामाने एएफचा धोका घटतो. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षं मॅरेथॉनमागून मॅरेथॉन पळणाऱ्यांचा, आणि त्यांनीही पळणं सोडावं असं नाही, अंतर कमी करून पाहावं.

हे सगळं वजा केल्यावर उरतात ती जनुकं. वडिलांना चाळिशी-पन्नाशीत एएफ झालं असेल तर मुलाने नाडीवर लक्ष ठेवलेलं बरं. 2014 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी ‘लोन’ हा शब्द वापरू नये असंच सुचवलं. मला ते पटतं. ‘कारण नाही’ आणि ‘अजून सापडलं नाही’ यांत फरक आहे, आणि बुश यांच्या बाबतीत तो एका रक्ततपासणीएवढा होता.

आपल्या देशात तर आणखी एक पायरी वगळून चालत नाही. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून गेलेला र्‍हुमॅटिक ताप मायट्रल झडप आवळून ठेवतो आणि ते वीस-तीस वर्षांनी कळतं. भारतीय रुग्णांच्या देशव्यापी नोंदवहीत एएफ असलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांत झडपांचा हा आजार होता आणि रुग्णांचं सरासरी वय पंचावन्नच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी. तेव्हा टूडी इको आणि थायरॉइडची तपासणी झाल्याशिवाय कुणालाही ‘तुम्ही एरवी ठणठणीत आहात’ म्हणू नये.

आता भीतीचा मुद्दा. धडधडीने माणूस घाबरतो, पण धोका त्या धडधडीत कमी आणि शांतपणे साचणाऱ्या रक्तात जास्त. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते. अलिंद आकुंचन पावेनासं झालं की तिथे रक्त थबकतं आणि गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. एएफमध्ये हा धोका ढोबळपणे पाच पट. मात्र ही पाच पट सर्वांना सारखी लागू नाही. डॉक्टर वय, बीपी, मधुमेह, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार, आधीचा पक्षाघात यांना गुण देतात. पूर्वी स्त्री असण्यालाही एक गुण होता, युरोपने तो 2024 मध्ये काढला. झडप ठीक आणि गुण शून्य असतील, तर रक्त पातळ करणारी गोळी बहुधा लागतच नाही. आणि ती लागत नाही म्हणून ‘निदान अ‍ॅस्पिरिन तरी घेतो’ हेही करू नये. त्याने गुठळी फारशी अडत नाही, रक्तस्राव मात्र होऊ शकतो. लक्षात ठेवायचं ते हे, की गुण आज शून्य असले तरी पासष्टी येते, बीपी येतं. दर वर्षी नव्याने मोजावे.

ठोका जागेवर आणायला बर्नार्ड लाउन यांचा 1962 पासूनचा शॉक आहे, गोळ्या आहेत, आणि 1998 नंतर अ‍ॅब्लेशनही आहे. त्या वर्षी बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांनी 45 रुग्णांत दाखवलं की एएफची ठिणगी बहुतेक वेळा अलिंदात नव्हे, तर फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. तेवढी तोंडं विद्युतदृष्ट्या वेगळी केली की झालं. कधी करावं? मास्त्रिख्टमध्ये 1995 साली बकऱ्यांवर झालेल्या प्रयोगात दिसलं होतं की एएफ जितकं चालू ठेवावं तितकं ते मुरत जातं. म्हणून तरुण, धडधाकट आणि त्रास होणाऱ्या रुग्णात हल्ली फार काळ वाट पाहत नाहीत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीला वर ओझरता स्पर्श केला. तिची गोष्ट गोठ्यात सुरू होते, सडलेला चारा खाऊन रक्त थांबेना म्हणून मेलेल्या अमेरिकेतल्या गायींपासून. ती पुढच्या आठवड्यात.