वृत्तपत्रातले गाव आणि गावाची जमीन : रायपूर परिसराच्या स्थानिक इतिहासाचे एक साधन

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरी आहे. कारखाने, गोदामे आणि मालमोटारींची वर्दळ ही तिची आजची ओळख. शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत आले, त्यापूर्वी ते शहराबाहेरचे गाव होते. अशा गावाचा इतिहास जुन्या वृत्तपत्रांतून किती उलगडतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पहिली अडचण नावाचीच आहे. भनपुरी नावाची गावे छत्तीसगढात एकाहून अधिक असून त्यांपैकी एक मोठे गाव बस्तरमध्ये आहे. तेव्हा जुन्या अंकात ‘भनपुरी’ एवढाच उल्लेख आढळला, तर तो कोणत्या भनपुरीचा हे बातमीतील पोलीस ठाणे, तहसील किंवा शेजारच्या गावांची नावे ह्यांवरून आधी ठरवावे लागते. इंग्रजी वृत्तपत्रांत तर रायपूर आणि छत्तीसगढ ह्या नावांची वर्णरचनाही दीर्घकाळ स्थिर नव्हती.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. ह्या प्रदेशात मुद्रण फार उशिरा आले. भोसल्यांच्या सैन्याने भास्करराम कोल्हटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली 1741 मध्ये रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर स्वारी केली. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत होते. त्यानंतर सुभेदारांचा अंमल आला. 1818 मध्ये कंपनीचे अधीक्षक आले आणि मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. ह्या शतकाहून मोठ्या कालखंडाची साधने म्हणजे मोडी कागद, कर्नल ॲग्न्यू ह्यांचा 1820 चा अहवाल आणि अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार. वृत्तपत्र त्यांत नाही.

ह्याचा परिणाम काय होतो, हे सोनाखानच्या प्रकरणावरून कळते. सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह ह्यांनी 1856 च्या दुष्काळात एका व्यापाऱ्याच्या कोठारातील धान्य उपाशी रयतेला वाटले. त्यांना अटक झाली. 1857 च्या ऑगस्टमध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, आणि 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आले. ह्या घटनेची समकालीन माहिती मुख्यतः डेप्युटी कमिशनर इलियट ह्यांच्या सरकारी लेखनातून मिळते. म्हणजे ज्याने पकडले त्याच्या लेखणीतून पकडल्या गेलेल्याची हकीकत वाचावी लागते. रयतेची बाजू मांडणारे एखादे पत्रक, एखादी बातमी, निदान एखादे तक्रारवजा निनावी पत्र छापणारी जागाच तेव्हा ह्या प्रदेशात नव्हती.

येथे एक दूरची तुलना उपयोगी पडते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील चेरोकी लोकांपाशी ह्याच्या तीस वर्षे आधी स्वतःची लिपी आणि स्वतःचे वृत्तपत्रही होते. सिक्वोया ह्याने 1821 च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी अक्षरमाला सिद्ध केली. तिचे खिळे बोस्टनमध्ये ओतले गेले, आणि 21 फेब्रुवारी 1828 रोजी न्यू एकोटा ह्या चेरोकी राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ निघाले. इलायस बूडिनॉट हे त्याचे संपादक. चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ते छापले जाई. पुढे जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन 1832 मध्ये सोडत काढून गोऱ्या वसाहतवाल्यांत वाटली. त्याच वर्षी, स्थलांतराच्या बाजूचे लेखन छापू नये असे प्रमुख जॉन रॉस ह्यांनी सांगितल्यावरून बूडिनॉट ह्यांनी संपादकपद सोडले. 1834 च्या मे महिन्यात पत्र बंद पडले, आणि पुढच्या वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी छापखानाच उचलून नेला. 1838-39 मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. त्यांपैकी अंदाजे चार हजार ह्या काळात दगावले.

आज त्या प्रदेशाचा स्थानिक इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे दोन प्रकारची वृत्तपत्रे असतात. एकीत जमीन जाणाऱ्याचा आवाज आहे, दुसरीत जमीन घेणाऱ्याच्या सूचना. सोडत, सोन्याच्या खाणी आणि विक्रीस काढलेले तुकडे ह्यांच्या जाहिराती दुसरीत सापडतात. एकच शेत दोन्हींत वेगळ्या नावाने येते. सोनाखानच्या बाबतीत पहिली बाजू छापलीच गेली नाही, हा दोन्ही प्रदेशांतील मोठा फरक.

छत्तीसगढातील नियतकालिकांचा आरंभ जानेवारी 1900 मध्ये पेंड्रा येथून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ ह्या हिंदी मासिकाने झाला असे मानतात. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे संपादक आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. तिन्ही नावे मराठी असावीत आणि पत्र हिंदीत निघावे, ह्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भोसल्यांच्या काळापासून रतनपूर-रायपूर भागात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांची घरची बोली मराठी राहिली, पण बाजार, शाळा आणि रयत ह्यांच्याशी व्यवहार हिंदी-छत्तीसगढीतच होई. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात हे द्वैभाषिक जीवन पिढ्यान्‌पिढ्या नांदले. सप्रे ह्यांनी पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, 1907 मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला, आणि 1926 मध्ये त्यांचे रायपुरात निधन झाले. मराठी अभ्यासकाने आपल्या प्रांतिक इतिहासाची साधने केवळ मराठी नियतकालिकांत शोधली, तर हा सारा भाग त्याच्या हातून निसटतो.

तथापि ‘मित्रा’कडून नको ती अपेक्षाही धरू नये. ते मासिक होते. ग्रंथपरीक्षण, शिक्षणविषयक लेख आणि भाषाविचार हा त्याचा मुख्य ऐवज. खेडोपाडीच्या बातम्या देणारे वार्तापत्र ते नव्हते, आणि तीन वर्षांत, 1902 च्या अखेरीस, पैशाअभावी ते बंद पडले. ते निघाले त्या वर्षी छत्तीसगढ ‘छप्पन्या’ दुष्काळात होरपळत होता. संवत 1956 वरून त्या दुष्काळाला हे नाव पडले. कोणत्या गावात काय घडले, हे मात्र मदतकामांच्या सरकारी अहवालांतच शोधावे लागते.

आणि तरीही स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने ‘मित्रा’तील एक छोटे लेखन मोलाचे आहे. एप्रिल 1901 च्या अंकात सप्रे ह्यांची ‘एक टोकरी-भर मिट्टी’ ही कथा आली. हिंदीतील पहिली कथा कोणती, ह्या वादात तिचे नाव नेहमी येते. वाद बाजूला ठेवून कथेचा विषय पाहावा. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार एका अनाथ विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवायचे आहे. तो वकिलांच्या साहाय्याने अदालतीतून झोपडीवर ताबा मिळवतो. विधवा टोपलीभर मातीची याचना करते आणि ती टोपली उचलून देण्यास त्यालाच सांगते. त्याला ती उचलत नाही. ही कथा रायपूरच्या एखाद्या खटल्याची बातमी मानणे चुकीचे ठरेल. परंतु ज्या प्रदेशात ती छापली गेली, तेथे चाळीसएक वर्षांपूर्वी जमिनीची मालकी कशी बदलली होती, हे ठाऊक असेल तर तिच्यातला ‘अदालत’ हा शब्द वेगळा वाजतो.

भोसल्यांच्या काळापर्यंत छत्तीसगढातील गौंटिया हा गावचा प्रमुख आणि वसूल गोळा करणारा होता. अनेक गावांत ‘लाखाबाटा’ नावाची प्रथा होती. ठरावीक काळाने शेते नव्याने वाटली जात, म्हणजे चांगली-वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला यावी. इंग्रजी जमाबंदीने मालगुजाराला गावाचा मालक ठरवले. रायपूर जिल्ह्याचा ह्यूइट ह्यांचा जमाबंदी अहवाल 1869 चा आहे. मालकी आली की तारण आले, तारणापाठोपाठ कर्जवसुलीचा दावा आणि दाव्यापाठोपाठ लिलाव. त्या मालगुजारांत आणि वकिलांत मराठी घराणीही होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. ज्यांच्या हाती छापखाना होता, तो वर्ग ह्या व्यवहारापासून अलिप्त नव्हता. सप्रे ह्यांनी विधवेची बाजू घेतली ही गोष्ट म्हणूनच लक्षणीय ठरते.

मूळ अंक नष्ट झालेल्या पत्रांसाठी एक आडवाट आहे. प्रांतिक सरकारे देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश अधिकाऱ्यांसाठी नियमाने तयार करवीत. मध्य प्रांतातील पत्रांचाही त्यांत समावेश असे. ज्या साप्ताहिकाचा आज एकही अंक उरलेला नाही, त्याचे चार-पाच ओळींचे सार तेथे मिळू शकते. पण निवड सरकारी भाषांतरकाराची. त्याला राजद्रोहाचा वास येई ते तो टिपे. पाणी, चराई, मालगुजाराची वेठ ह्यांविषयीची तक्रार त्याला किरकोळ वाटली, तर ती गळे. उपलब्ध अंकांसाठी भोपाळचे माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय, 1984 मध्ये स्थापन झालेले, हे पहिले ठिकाण. कारागृहातून निघालेली हस्तलिखिते हा आणखी वेगळा प्रकार. पंडित सुंदरलाल शर्मा ह्यांनी रायपूरच्या तुरुंगात असताना ‘कृष्णजन्मस्थान’ हे हस्तलिखित पत्र काढले होते.

मग साध्या खेड्याचे नाव वृत्तपत्रात नेमके कधी येते? अपघात, गुन्हा, पूर आणि नेत्याचा दौरा वगळला, तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच निघते. जमीन जाते तेव्हा. 1894 च्या भूसंपादन कायद्याने घोषणा राजपत्रात छापणे आवश्यक केले. जिल्हा, जमिनीचे ठिकाण, अंदाजे क्षेत्र आणि प्रयोजन ह्यांचा तीत उल्लेख असे. रेल्वे, कालवे, कारखाने ह्यांच्यासाठी घेतलेल्या जमिनींचा हा सलग आलेख आहे. 1984 च्या दुरुस्तीने प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, त्यांपैकी निदान एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, छापणेही बंधनकारक केले. 2013 च्या नव्या कायद्याने जुना कायदा रद्द होईपर्यंत ही पद्धत चालली, आणि नव्या कायद्यातही वृत्तपत्रीय प्रसिद्धीची अट कायम राहिली. रायपुरात 1959 पासून हिंदी दैनिकांचा जम बसला होता. 2000 मध्ये राज्य निर्माण झाल्यावर नव्या राजधानीसाठी जमीन लागली. त्यामुळे ह्या काळातील दैनिकांच्या आतल्या पानांवरील बारीक टाइपातील सूचना स्थानिक इतिहासकाराने अग्रलेखांच्या आधी वाचाव्यात.

मात्र त्या सूचनांत काय असते आणि काय नसते, हे ध्यानात घेतले पाहिजे. खसरा क्रमांक असतो, हेक्टरमधले क्षेत्र असते, तहसील आणि प्रयोजन असते. छत्तीसगढी शेतकरी ज्या नावांनी जमीन ओळखतो, ती काळी कन्हार, पिवळसर मटासी, दोहोंच्या मधली डोरसा आणि मुरमाड माळाची भाठा, ही नावे तेथे नसतात. कोणते शेत धानाचे होते आणि कोणते गुरांच्या चराईचे, हे सूचनेतील क्रमांकावरून कळत नाही. त्यासाठी तोच क्रमांक पटवाऱ्याच्या जुन्या नकाशावर शोधावा लागतो, आणि नकाशा हाती धरून गावातल्या वयोवृद्धांना विचारावे लागते. भनपुरीसारख्या गावात हे विचारण्याजोगी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.