वाटाघाटींत अडकलेली झोप

मंठ्यात विमानतळ नाही. विमान पकडायचे तर छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड गाठावे लागते. गावातल्या बहुतेकांचा प्रवास अजूनही एसटीने, काळी-पिवळीने नाहीतर भाड्याच्या जीपने होतो. त्यामुळे वैमानिक संपावर जाण्याच्या विचारात आहेत अशी बातमी आली, की ‘लाखांनी पगार घेणाऱ्यांना आणखी काय हवे?’ असा प्रश्न चहाच्या टपरीवर सहज निघतो. प्रश्न रास्त आहे. मात्र वैमानिकांच्या मागण्यांत पगाराबरोबर आणखी एक गोष्ट वारंवार येते, ती म्हणजे विश्रांती. सलग किती तास काम, त्यानंतर किती तास सुट्टी आणि किती रात्री जागायच्या? हा प्रश्न विमानापुरता नाही. रात्री वाटूर फाट्यावरून गाडी नेणाऱ्या प्रत्येक चालकालाही तो लागू आहे.

संप नव्हता, तरी विमाने जमिनीवर

मुंबईने वैमानिकांचे संप पाहिले आहेत. सप्टेंबर २००९ मध्ये संघटना उभारणाऱ्या दोन सहकाऱ्यांना काढल्यावर जेट एअरवेजच्या वैमानिकांनी सामूहिक आजारपणाची रजा टाकली आणि पाच दिवस उड्डाणे कोलमडली. २०११ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस काम थांबवले. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे, यावरून झालेला संप ५८ दिवस चालला.

डिसेंबर २०२५ मध्ये मात्र कोणीही संप पुकारला नव्हता. तरीही इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजारावर. कारण होते विश्रांतीचा नवा नियम. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये हे नियम जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. ‘रात्र’ पहाटे ५ ऐवजी ६ वाजेपर्यंत मोजायची ठरली. रात्रपाळीत विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. दुसरा टप्पा सुरू होताच वेळापत्रक चालवायला पुरेसे वैमानिक नसल्याचे उघड झाले. मग प्रवाशांचे हाल थांबवण्यासाठी रात्रीच्या काही नियमांतून कंपनीला फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट द्यावी लागली. माणसे कमी पडली तेव्हा पहिली कात्री लागली ती विश्रांतीच्या नियमाला.

पहाटे दोन ते सहा

हे नियम रात्रीवर एवढा भर का देतात, याचे उत्तर मेंदूत आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते, प्रतिक्रिया मंदावते आणि निर्णय चुकण्याची शक्यता वाढते. वर्षानुवर्षे रात्रपाळी केली तरी बहुतेकांचे हे घड्याळ पूर्णपणे उलटे फिरत नाही, कारण रोजचा सूर्यप्रकाश ते पुन्हा जागेवर आणतो.

दुसरी गोष्ट, माणूस जागा असेपर्यंत मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते आणि झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतले कॅफिन या रसायनाचा परिणाम काही तास अडवते, पण साचलेले रसायन काढून टाकत नाही. ते काम फक्त झोप करते. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. आपल्याकडे वाहन चालवताना मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे सकाळी सहाला उठलेला चालक रात्री अकराला थेंबभरही न पिता ‘प्यायलेल्या’ अवस्थेत असू शकतो आणि पोलिसांच्या यंत्रात काहीच दिसत नाही.

सर्वांत फसवा भाग पुढेच आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप दिली. त्यांची एकाग्रता दिवसेंदिवस ढासळत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला पोचली. त्यांना स्वतःला मात्र आपण जरासेच पेंगुळलेलो आहोत असे वाटत होते. ‘मला सवय आहे’ हे चालकाचे वाक्य प्रामाणिक असते, पण ते खरे असेलच असे नाही.

त्याची किंमत देशाने २२ मे २०१० च्या सकाळी मोजली. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत समोर आले, की मुख्य वैमानिक प्रवासात दीड तासाहून अधिक झोपले होते आणि जाग आल्यानंतरचा जडपणा त्यांच्या निर्णयावर परिणाम करून गेला असावा. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास सांगूनही ते घेतले गेले नाही.

बोलणी अडतात कुठे?

विश्रांती वाढवायची तर तेवढीच उड्डाणे करायला जास्त वैमानिक लागतात आणि अनुभवी वैमानिक तयार व्हायला वर्षे जातात. दुसरीकडे वैमानिकांच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो. म्हणजे थकलो म्हणून ड्युटी नाकारली तर खिशाला चाट बसते. थकवा रक्ततपासणीत दिसत नाही, त्यामुळे व्यवस्थापनाला ते निमित्त वाटते. सामूहिक आजारपणाची रजा हत्यार म्हणून वापरली गेली, की खरोखर थकलेल्याच्या शब्दावरचा विश्वासही कमी होतो. नव्या कामगार संहितेत तर निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली सामूहिक रजा संपच मानली जाते. म्हणून थकव्याची नोंद शिक्षेच्या भीतीविना करता यावी आणि तिची छाननी तिसऱ्या, स्वतंत्र यंत्रणेने करावी, ही मागणी आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पगारावर घासाघीस होऊ शकते. शरीराच्या घड्याळाशी ती करता येत नाही.

मराठवाड्याला हे एसटीवरून कळायला हवे. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. शाळकरी मुले, दवाखान्यात निघालेले म्हातारे कोतारे सगळे अडकले. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर येण्यास सांगितले. चर्चा झाली ती विलीनीकरणाची आणि पगाराची. मुक्कामाच्या गाडीतच रात्र काढणारा, डासांमुळे धड न झोपलेला चालक पहाटेची पहिली फेरी कशी नेतो, हा विषय मागे राहिला. वाहन कामगारांसाठी दिवसाला आठ तास कामाची मर्यादा १९६१ च्या कायद्यानेच घातली होती. पण तास मोजले म्हणजे झोप मिळाली असे होत नाही.

आपल्या हातात काय?

पुणे-मुंबईला रात्री जीप न्यायची असेल तर चालकाला ‘दिवसभर गाडी चालवली का, शेवटचे कधी झोपलात?’ हे निघण्याआधी विचारा. शक्य असेल तर पहाटे दोन ते सहा या वेळेत रस्त्यावर राहू नका. लांबच्या प्रवासाला दुसरा चालक घ्या. वारंवार जांभया, डोळे चोळणे, गाडी पट्ट्याबाहेर जाणे, मागचे दोन-तीन किलोमीटर न आठवणे ही डुलकीची चिन्हे आहेत. ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंदांच्या डुलकीत गाडी जवळपास ९० मीटर जाते. काच उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा उपयोग काही मिनिटेच होतो.

खरा उपाय म्हणजे गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात घेऊन वीस मिनिटांची झोप. वैमानिकांवरील ‘नासा’च्या अभ्यासात सरासरी २६ मिनिटांच्या डुलकीनेही सतर्कता स्पष्टपणे सुधारली होती. झोपण्याआधी चहा घेतला तर जाग येईपर्यंत कॅफिनचा परिणाम सुरू होतो. उठल्यावर लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नये. दहा-पंधरा मिनिटे पाय मोकळे करावेत. हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचालकांनाही हेच लागू आहे. आणि चालक ‘थोडा वेळ पडतो’ म्हणाला, तर उशीर होतोय म्हणून त्याला उठवू नका.