मॉरिसची सही

सहकारी बँकेच्या कर्जविभागात आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणाचंही चरित्र हातात आलं की शौर्य, वक्तृत्व वगैरे बाजूला राहतं आणि आधी प्रश्न पडतो : पैसा कोणाचा होता, तारण काय होतं, जामीन कोण राहिलं? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल वाचतानाही माझं तेच झालं. वॉशिंग्टन आणि जेफर्सन यांना मागे टाकून मी रॉबर्ट मॉरिसपाशी येऊन थांबलो. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, परिसंघाचा करारनामा आणि १७८७ची राज्यघटना या तिन्ही कागदांवर सही असलेली माणसं दोनच. एक कनेक्टिकटचा रॉजर शर्मन आणि दुसरा हा.

मॉरिस मूळचा लिव्हरपूलचा, जन्म १७३४चा. वडील मेरीलँडमध्ये तंबाखूच्या खरेदीचं काम बघत. मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला बोलावून घेतलं. पुढे तीनेक वर्षांतच त्यांना सलामी देण्यासाठी उडवलेल्या जहाजावरच्या तोफेचा बोळा लागून ते गेले. पोरका मुलगा फिलाडेल्फियाच्या विलिंग पेढीवर उमेदवारी करत होता, तो १७५७मध्ये तिथेच भागीदार झाला. जहाजं, पीठ, साखर आणि गुलामही. ही पेढी माणसांच्या खरेदी-विक्रीतही होती.

गंमत म्हणजे स्वातंत्र्य जाहीर करायची वेळ अजून आलेली नाही, असं मॉरिसचं मत होतं. २ जुलै १७७६ला काँग्रेसमध्ये मतदान झालं तेव्हा तो आणि जॉन डिकिन्सन हे पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी आपापल्या जागी बसलेच नाहीत. त्यांच्या गैरहजेरीमुळेच पेनसिल्व्हेनियाचं मत स्वातंत्र्याच्या बाजूने पडलं. ऑगस्टमध्ये मात्र त्याने सही केली, आणि एकदा सही केल्यावर मागे पाहिलं नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रज जवळ आले, तेव्हा काँग्रेसची मंडळी बाल्टिमोरला निघून गेली. मॉरिस फिलाडेल्फियातच राहिला. वॉशिंग्टनच्या बऱ्याच शिपायांची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. सहा आठवडे जास्त राहिलात तर दहा डॉलर देतो, असं वॉशिंग्टनने कबूल केलं. खिशात काही नव्हतं. शिवाय हेरांना रोख नाणं लागे, कागदी पैसा ते हातात धरत नसत. मॉरिसने आधी ४१० स्पॅनिश डॉलर आणि जमतील ती फ्रेंच-इंग्रजी नाणी पाठवली, मग शिपायांसाठी पन्नास हजार कागदी डॉलर. ट्रेंटनच्या लढाईनंतर फौज विरघळली नाही, याला ही पिशवीही कारण आहे.

१७८१पर्यंत काँग्रेसच्या नोटेला कोणी विचारेना. तेव्हा मॉरिसला अर्थखात्याचा प्रमुख केलं गेलं. त्याने काय केलं? स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या काढल्या. सरकारच्या नोटेपेक्षा लोक या माणसाच्या चिठ्ठीवर जास्त विश्वास ठेवत. मुदतीप्रमाणे त्यांना ‘लांब बॉब’ आणि ‘आखूड बॉब’ अशी नावंही पडली होती. हुंडीचा व्यवहार माहीत असलेल्याला यात नवल वाटणार नाही : कागदावर कोणाची सही आहे, हेच पाहायचं असतं. यॉर्कटाउनकडे निघालेल्या सैन्यासाठी त्याने पिठाची आणि होड्यांची तजवीज केली. पगाराशिवाय पुढे जायला शिपाई कुरकुरू लागले, तेव्हा फ्रेंच सेनापती रोशांबोच्या खजिन्यातून वीस हजार डॉलर उसने घेतले आणि महिन्याचा पगार रोख नाण्यात दिला. १९ ऑक्टोबरला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. (हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि १७९२मध्ये श्रीरंगपट्टणपुढे हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेच्या जोडीला उभा राहिला.) फ्रान्सहून आलेली चांदी बोस्टनला उतरली, ती बैलगाड्यांनी फिलाडेल्फियात आणली आणि तिच्या आधाराने १७८२च्या जानेवारीत बँक ऑफ नॉर्थ अमेरिका उघडली. इथवरचा मॉरिस मी कोणत्याही कर्जसमितीपुढे बिनधास्त मांडला असता.

पण या सहीच्या मागे जहाजं होती, माल होता, फ्रान्सची चांदी होती. नव्वदच्या दशकात मागे उरली ती फक्त जमीन, तीही उधारीची. जॉन निकोल्सन आणि जेम्स ग्रीनलीफ यांच्याबरोबर त्याने वॉशिंग्टन या होऊ घातलेल्या राजधानीतले हजारो भूखंड घेतले. १७९५मध्ये तिघांनी साठ लाख एकरांची कंपनी काढली आणि भागधारकांना सहा टक्के लाभांशाची हमी दिली. पडीक रानावर हमखास सहा टक्के! रोकड संपली तशी मॉरिसने नोट लिहायची, नि निकोल्सनने मागे सही करायची. मग नेमकं उलट. एकमेकांना जामीन राहिलेले दोन कर्जदार म्हणजे एकच कर्जदार, हे आमचा नवा कारकूनसुद्धा आठवड्यात शिकतो. त्याच सुमारास चेस्टनट स्ट्रीटवर संगमरवरी हवेली उठत होती. ती पुरी झालीच नाही, लोक तिला ‘मॉरिसचा मूर्खपणा’ म्हणू लागले.

१७९७मध्ये इंग्लंड-अमेरिकेतला पैसा आटला. मॉरिस शहराबाहेरच्या बंगल्यात दार लावून बसला, बाहेर धनको तळ ठोकून. न्यूयॉर्कच्या पश्चिमेकडची जमीन त्याने डच सावकारांना आधीच विकली होती, पण ती सेनेका या मूळनिवासी लोकांची होती. त्यांचा हक्क सोडवण्याच्या तहाला तो स्वतः जाऊ शकला नाही. मुलगा थॉमस गेला आणि एक लाख डॉलरवर सेनेकांनी आपल्या बहुतेक मुलखावर पाणी सोडलं. मॉरिसच्या कर्जाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती त्यांनी, असं मला वाटतं.

फेब्रुवारी १७९८मध्ये त्याला प्रून स्ट्रीटच्या कर्जदारांच्या तुरुंगात टाकलं. देणं जवळपास तीस लाख डॉलरचं. त्या वर्षी गावात पीतज्वराची साथ होती आणि ती तुरुंगातही शिरली. नोव्हेंबरात वॉशिंग्टन फिलाडेल्फियाला आला, तेव्हा तुरुंगात जाऊन मॉरिसबरोबर जेवला. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन मॉरिसच्याच मार्केट स्ट्रीटवरच्या घरात राहत होता. नशीब असं फिरलेला मॉरिस एकटाच नव्हता. जाहीरनामा आणि राज्यघटना या दोन्हींवर सही केलेला जेम्स विल्सन सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश असताना धनकोंपासून पळत फिरला आणि त्याच साली नॉर्थ कॅरोलिनात मेला. निकोल्सन तुरुंगातच वारला.

१८००मध्ये दिवाळखोरीचा कायदा आला, त्याचा आधार घेऊन मॉरिस १८०१च्या ऑगस्टमध्ये सुटला. घर चालवायला पैसे आले ते बायकोच्या नावावर. विकलेल्या जमिनीत मेरी मॉरिसचा पत्नी म्हणून हक्क होता आणि तिने तो हक्क सोडल्याशिवाय त्या डच सावकारांच्या कंपनीचे कागद निर्वेध होत नव्हते. गव्हर्नर मॉरिस हा त्याचा जुना सहकारी. आडनाव एक असलं तरी नात्यातला नव्हे आणि ‘गव्हर्नर’ हे पदही नव्हे, नावच. त्याने कंपनीशी बोलून मेरीला दरसाल दीड हजार डॉलर मिळतील असं ठरवून दिलं. ८ मे १८०६ला मॉरिस वारला, तोवर ते घर त्याच रकमेवर चाललं होतं.