एक कलाकार आजारी पडला तर प्रयोगाचं काय होतं?

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्य काम करणारा मुलगा ऐन सकाळी तापाने फणफणला की काय धावपळ होते, ते तुम्ही पाहिलं असेल. बाई विचारतात, "याचे संवाद कोणाला पाठ आहेत?" मागच्या रांगेतून एखादा हात वर येतो आणि कार्यक्रम निभावतो. आता हेच चित्र मोठं करून बघा. तापाच्या जागी कोरोना ठेवा आणि शाळेच्या जागी पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे किंवा मुलुंडचं कालिदास नाट्यगृह. तिथे तो मागच्या रांगेतला हात असतो का?

आधी जरा लांबचं उदाहरण घेऊ. बॅले हा शब्दांशिवाय, नुसत्या नाचातून गोष्ट सांगणारा युरोपातला नृत्यप्रकार. मोठ्या बॅले कंपनीत नर्तक पगारावर असतात, आणि एकच भूमिका तीन-चार जणांनी बसवलेली असते. आज कोण नाचणार याची यादी लागते. एकीचा पाय मुरगळला तर दुसरी तयार. म्हणजे बदलीची सोय आजारपण येण्याआधीच केलेली असते.

तरीही महामारीत त्यांची तारांबळ उडालीच. न्यूयॉर्क सिटी बॅले ही कंपनी दर नाताळात 'नटक्रॅकर' करते. त्यात लहान मुलांची बरीच कामं असतात. २०२० मध्ये प्रयोग झालेच नाहीत. २०२१ मध्ये तालमी सुरू करायच्या वेळी १२ वर्षांखालच्या मुलांना लस मिळत नव्हती, म्हणून १२ वर्षांपुढची मुलं घेतली. मुलं मोठी, मग कपडेही मोठे शिवावे लागले! एवढं करूनही डिसेंबरच्या शेवटी रुग्ण निघाले आणि उरलेले प्रयोग रद्द झाले. बदली माणूस एक-दोघांसाठी असतो. साथ एकदम दहा जणांना गाठते.

आता आपल्याकडे या. १३ मार्च २०२० ला मुंबईसह काही शहरांतली नाट्यगृहं मध्यरात्रीपासून बंद करण्याची घोषणा झाली. सुरुवातीला मुदत ३० मार्चपर्यंतच होती. प्रत्यक्षात परवानगी मिळाली ५ नोव्हेंबर २०२० ला, तीही निम्म्या प्रेक्षकांची. डिसेंबरात पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात प्रशांत दामले यांनी 'एका लग्नाची पुढची गोष्ट'चा प्रयोग केला, तेव्हा नाटक परत आलं असं वाटलं. पण एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा टाळं लागलं, ते २२ ऑक्टोबरला उघडलं.

मराठी व्यावसायिक नाटकाचा हिशोब 'नाइट'वर चालतो. एका प्रयोगाचे जे पैसे मिळतात ती नाइट. दुपारी चारचा प्रयोग असला तरी नाइटच म्हणायचं, ही गंमत! ही पद्धत फक्त कलाकारांची नाही. नेपथ्य लावणारे, प्रकाश आणि ध्वनी सांभाळणारे, रंगभूषा करणारे, कपडेपट बघणारे, सगळ्यांचं पोट प्रयोगावर. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. त्यामुळे एका कलाकाराची चाचणी पॉझिटिव्ह आली की कमाई बुडते ती सगळ्यांची. पडद्यावर नाव नसलेल्या माणसाकडे तर मालिका, जाहिरात असा दुसरा आधारही बहुधा नसतो.

मग बदली कलाकार का ठेवत नाहीत? आपल्याकडे त्याला रिप्लेसमेंट म्हणतात आणि ती नाटकात नवी गोष्ट नाही. 'ऑल द बेस्ट' तर वेगवेगळ्या संचांनी केलं. पण तो संच तालमी करून उभा केलेला असतो. संवाद पाठ असणं पुरेसं नाही. समोरच्याच्या वाक्यावर किती थांबायचं, हशा आला तर पुढचं वाक्य कधी टाकायचं, प्रकाश कुठे पडतो तिथे कसं पोचायचं, हे सगळं अंगात मुरावं लागतं. शिवाय प्रेक्षक नाव बघून तिकीट काढतात. आणि प्रयोग बंद असताना दुसऱ्या संचाच्या तालमीचे पैसे कोण देणार? माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. बॅले कंपनीला आधीच पगार द्यावा लागतो म्हणून तिला बदली परवडते. नाइटवर चालणाऱ्या नाटकाला ती महाग पडते.

जरा गणित करू. समजा १००० खुर्च्या आणि तिकीट सरसकट ३०० रुपये. नाट्यगृह भरलं तर ३ लाख. एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवली तर दीड लाख. पण नेपथ्याचा टेम्पो निम्मा येतो का? नाटकातली आई निम्मी करता येते का? खर्च जवळपास तेवढाच राहतो.

त्यात आपली लोकल! १ फेब्रुवारी २०२१ पासून ती सर्वांसाठी सुरू झाली, पण ठरावीक वेळांत: सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. आता बघा, अंधेरीचा माणूस चारचा प्रयोग बघायला बोरिवलीला लोकलने पोचेल. प्रयोग सुटेल साडेसहाच्या सुमारास. नऊपर्यंत त्याने करायचं काय? रात्रीच्या प्रयोगाचीही पंचाईत होती, कारण डिसेंबर २०२० मध्ये रात्री ११ नंतर संचारबंदी लागली होती.

एक उपाय जगभर वापरला गेला, तो 'बबल'चा. सगळ्यांनी चाचणी करून एकाच ठिकाणी राहायचं, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. अमेरिकन बॅले थिएटरने नर्तकांचे असे गट करून तालमी घेतल्या. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं, तेव्हा काही मराठी मालिका गोव्याला गेल्या आणि तिथे मुक्काम करून चित्रीकरण केलं. नाटकाला मात्र हे जमणारं नाही. तालमीपुरता बबल होईल, पण प्रयोग आज पार्ल्यात, उद्या मुलुंडला, आणि समोर दर वेळी नवे पाचशे लोक.

मार्च २०२२ मध्ये मुंबईत पूर्ण क्षमतेची परवानगी मिळाली आणि हे गणित सुटलं. नाइटची पद्धत मात्र चालूच आहे.

आता एक उपक्रम. रविवारच्या वर्तमानपत्रातली नाटकाची एक जाहिरात कापून वहीत चिकटवा. त्यात किती नावं छापली आहेत ती मोजा. मग प्रयोग उभा राहायला आणखी कोण कोण लागतं, त्यांच्या कामांची यादी शेजारी लिहा. पुढच्या तासाला दोन्ही आकडे फळ्यावर मांडू.